थकलेले डोस : कोविडनंतर मुंबईत उसळलेला गोवर, २०२२

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरमध्ये एकाच घरातली तीन मुले दोन दिवसांत दगावली. ताप, अंगावर पुरळ, मग धाप. ९ नोव्हेंबरला केंद्र सरकारने मुंबईसाठी पथक नेमले. कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या. नोव्हेंबर संपेस्तोवर मुंबईत प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण तीनशेच्या घरात पोचले. सर्वाधिक झळ बसली ती एम पूर्व विभागाला, म्हणजे गोवंडी, शिवाजी नगर, बैंगनवाडी, मानखुर्द या पट्ट्याला. त्याच सुमारास भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण वाढले, आणि केंद्राची पथके रांची, अहमदाबाद आणि मलप्पुरमलाही गेली.

‘कोविडमध्ये लसीकरण थांबले, म्हणून गोवर आला’ हे स्पष्टीकरण तेव्हा सगळीकडे ऐकू येत होते. ते चूक नाही, पण अर्धे आहे. लसीकरण सत्रे पूर्ण बंद राहिली ती काही आठवडे, फार तर काही महिने. २०२०च्या उत्तरार्धात ती बहुतेक ठिकाणी पुन्हा भरू लागली होती. मग उद्रेक २०२२च्या शेवटी का झाला? मधली दोन वर्षे आणि काही महिने काय चालले होते? या प्रकरणाचा खरा धडा त्या मधल्या काळात आहे. लसीकरणाचा टक्का सावरला तरी राहून गेलेल्या डोसांची थकबाकी फिटत नाही, आणि आपली नोंदपद्धत टक्का दाखवते, थकबाकी दाखवत नाही.

आजारी पडली ती मुले कोणत्या सालची?

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ला सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे या वयातल्या सगळ्या मुलांना, आधीचे डोस झालेले असोत वा नसोत, एक डोस द्यायचा होता. अशा मोहिमेचा फायदा हा की नियमित लसीकरणात सुटलेली मुले त्यात एकदम धरली जातात. जाळे मोठे असले की कार्ड आहे का, नाव यादीत आहे का, याला महत्त्व उरत नाही.

पण साधारण मार्च २०१८ नंतर जन्मलेल्या बाळांचे वय तेव्हा नऊ महिने झाले नव्हते. ती या जाळ्याबाहेर राहिली. त्यांची सगळी भिस्त नियमित लसीकरणावर, म्हणजे पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. आता तारखा जुळवून पाहा. जानेवारी २०१९च्या बाळाचा पहिला डोस ऑक्टोबर २०१९मध्ये बिनबोभाट झाला असेल, पण दुसऱ्याची वेळ आली मे २०२०मध्ये. जुलै २०१९च्या बाळाचा पहिलाच डोस एप्रिल २०२०मध्ये आला. ऑगस्ट २०२०च्या बाळाला नऊ महिने पूर्ण झाले मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत. ऑक्टोबर २०२२मध्ये ही मुले सव्वादोन ते पावणेचार वर्षांची होती. मोहिमेचे कवच नाही आणि नियमित डोस महामारीत अडकलेले, अशी ही पिढी.

एक कार्ड

उदाहरणादाखल माता-बाल संरक्षण कार्डाचा लसीकरणाचा भाग डोळ्यांसमोर आणा. जन्म १० जुलै २०१९. जन्मताच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बी यांच्या नोंदी आहेत. २१ ऑगस्ट, १८ सप्टेंबर आणि १६ ऑक्टोबरला पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे तिन्ही डोस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला बरोबर पडले आहेत. इथवर हे आदर्श कार्ड. गोवर-रुबेला पहिल्या डोसच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले आहे : १० एप्रिल २०२०. पुढे कोरे.

२५ मार्चला टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये वस्ती प्रतिबंधित क्षेत्रात. केंद्राच्या मे २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रतिबंधित आणि बफर क्षेत्रात रुग्णालयातले जन्मवेळचे डोस चालू ठेवायचे होते, पण वस्तीतली सत्रे त्या क्षेत्राचे नाव यादीतून निघाल्यावर किमान १४ दिवसांनी सुरू करायची होती. दाट वस्तीत एक गल्ली मोकळी होते तोवर शेजारची बंद होते. मेमध्ये कुटुंब श्रमिक रेल्वेने गावी गेले. गावच्या आरोग्य उपकेंद्रात हे बाळ ‘आपले’ नव्हते. दिवाळीनंतर कुटुंब परतले, कदाचित दुसऱ्या गल्लीत, नव्या भाडेकराराने.

नोव्हेंबर २०२०मध्ये बाळ सोळा महिन्यांचे झाले. आता यादीचा प्रश्न येतो. आरोग्यसेविकेची ‘ड्यू लिस्ट’ वयावरून बनते : या महिन्यात ज्यांना नऊ महिने होतील ते पहिल्या डोसला, ज्यांना सोळा होतील ते दुसऱ्या डोसला. हे बाळ दुसऱ्या डोसच्या यादीत बसते, पण त्याचा पहिलाच झालेला नाही. नियम साधा आहे : आले त्या दिवशी द्यायचा तो पहिला डोस धरायचा, चार आठवड्यांनी दुसरा. मात्र त्यासाठी ते आधी यादीत हवे. गल्ली बदललेली असेल तर जुन्या सेविकेच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि नवीच्या वहीत नाव चढत नाही.

जुलै २०२१मध्ये बाळ दोन वर्षांचे झाले. ड्यू लिस्टचा रोजचा व्यवहार दोन वर्षांपर्यंतच्या मुलांभोवती फिरतो. गोवर-रुबेलाची लस राष्ट्रीय कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत देता येते, पण दोन वर्षांनंतर त्या मुलाकडे कोणी आपणहून जात नाही. परवानगी आहे, पाठपुरावा नाही. हीच ती फट. या मुलाला कोणीही लस नाकारलेली नाही, आईने कधी ‘नको’ म्हटलेले नाही. घराचे दार कोणी वाजवले नाही, एवढेच.

थकबाकीचे गणित

शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ५०,००० लोकसंख्येचा निकष आहे. हिशेबापुरते धरू की हजारी १८ जन्म होतात. वर्षाला ९०० बाळे, महिन्याला ७५. म्हणजे दरमहा गोवर-रुबेलाचे पहिले ७५ आणि दुसरे ७५, मिळून १५० डोस. सत्रे तीन महिने बंद राहिली तर थकले ४५० डोस.

आता केंद्र पुन्हा पूर्ण ताकदीने सुरू झाले असे समजा. दरमहा १५० डोस होतात, अहवालात १०० टक्के दिसते, वरिष्ठ समाधानी. थकलेले ४५० जिथल्या तिथे. ते फेडायचे तर दर महिन्याला १५०च्या वर काम व्हायला हवे. दहा टक्के जास्त, म्हणजे १५ डोस अधिक झाले तर फेडायला ३० महिने लागतात. जून २०२०पासून मोजल्यास डिसेंबर २०२२ उजाडतो. आणि काम नव्वद टक्क्यांवरच अडकले तर थकबाकी दरमहा १५ने वाढत जाते.

प्रत्यक्षात क्षमता वाढण्याऐवजी घटली. अंतर राखायचे म्हणून सत्राला कमी मुले बोलवायची, तीच परिचारिका कोविडच्या सर्वेक्षणात, आणि १६ जानेवारी २०२१पासून कोविड लसीकरणातही. शीतसाखळी तीच, आयएलआर म्हणजे लसीची शीतकपाटे तीच, लस टोचणारे हात तेच. विशेष मिशन इंद्रधनुष ३.०च्या फेऱ्या नेमक्या कोविडमध्ये सुटलेल्या मुलांसाठी आखल्या होत्या : पहिली २२ फेब्रुवारी २०२१ला, दुसरी २२ मार्चला. महाराष्ट्रात दुसरी फेरी ऐन चढत्या लाटेत आली. ४.० फेब्रुवारी २०२२पासून झाली. तोवर २०१९च्या मध्यावर जन्मलेली मुले अडीच वर्षांची झाली होती.

देशाचे आकडेही याच नजरेने वाचायला हवेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार भारतात ट्रिपलचा (डीपीटी असलेल्या लसीचा) तिसरा डोस २०१९मध्ये ९१ टक्के होता, २०२० आणि २०२१मध्ये ८५, आणि २०२२मध्ये ९३. एकही डोस न मिळालेली बाळे २०१९मध्ये १४ लाख, २०२०मध्ये सुमारे ३० लाख, २०२१मध्ये २७ लाख, २०२२मध्ये ११ लाख. बातम्यांनी हे ‘भारत सावरला’ असे मांडले. सावरले ते त्या त्या वर्षाचे काम. हा प्रत्येक आकडा त्या वर्षीच्या बाळांचा आहे. २०२०ची ३० लाख मुले २०२२च्या ११ लाखांत मोजलेलीच नाहीत. ती कुठे गेली हे या तक्त्यातून कळत नाही.

गोवरच का, आणि इतक्या उशिरा का?

एका गोवर रुग्णापासून, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण होते. साखळी तोडायला सुमारे ९५ टक्के मुले सुरक्षित लागतात. त्यात नऊ महिन्यांना दिलेला डोस साधारण ८५ टक्के मुलांतच लागू पडतो; आईकडून आलेली प्रतिपिंडे आड येतात. म्हणून दुसरा डोस बूस्टर समजून ऐच्छिक ठेवणे ही घोडचूक. पहिल्याने ज्यांच्यात काम केले नाही त्यांना तो पकडतो.

हजार मुलांचे गणित करू. बऱ्या वर्षात पहिला डोस ९०० आणि दुसरा ८५० मुलांना मिळाला. पहिल्याने ७६५ सुरक्षित. दुसऱ्या डोसला आलेल्या ८५० पैकी ज्यांच्यात पहिला फुकट गेला होता अशी सुमारे १२७, त्यांतली ९५ टक्के म्हणजे १२१ आता सुरक्षित. उघडी राहिली ११४. वाईट वर्षात पहिला ७५० आणि दुसरा ६५० मुलांना मिळाला, तर त्याच पद्धतीने उघडी राहतात २७०. टक्का पंधरा-वीसने घसरला, उघड्या मुलांची संख्या दुपटीहून वाढली. अशी दोन वर्षे गेली की ५४० मुले साचतात. बऱ्या वर्षांच्या हिशेबाने एवढी साचायला पावणेपाच वर्षे लागली असती.

साचतात, पण दिसत नाहीत. मुखपट्टी, बंद शाळा आणि बंद अंगणवाड्या यांनी गोवरालाही रोखले. २०२० आणि २०२१मध्ये रुग्ण कमी झाले आणि लस न मिळूनही काही बिघडले नाही असा भास झाला. शिवाय सर्वेक्षण मंदावले. गोवराच्या देखरेखीत एक निकष असतो : ताप-पुरळाचे जे रुग्ण तपासणीअंती गोवर-रुबेला नाहीत असे ठरतात, ते वर्षाला लाख लोकसंख्येमागे किमान दोन सापडले पाहिजेत. तेवढे सापडत नसतील तर गोवर नाही असे म्हणता येत नाही, आपण पुरेसे शोधत नाही एवढाच अर्थ. महामारीत पुरळाचे बाळ दवाखान्यात येत नव्हते आणि आलेच तरी नमुना पाठवायला कोणी मोकळे नव्हते. २०२२मध्ये शाळा, रेल्वे, लग्ने पूर्ववत झाली. उघड्या मुलांचा साठा आधीच तयार होता.

गोवंडीत आणखी एक गोष्ट मिळाली : दाट खोल्या आणि कुपोषण. गोवराने मूल दगावते ते बहुधा न्यूमोनियाने किंवा अतिसाराने, आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर धोका वाढतो. राष्ट्रीय वेळापत्रकात अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस (१ मिली, १ लाख युनिट) गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसबरोबरच असतो. एक भेट चुकली की दोन कवचे गेली.

उद्रेकात काय केले, आणि कुठे घसरते

२३ नोव्हेंबर २०२२ला केंद्राने राज्याला कळवले : ज्या भागांत धोका आहे तिथे ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाचा एक जादा डोस द्यावा. जिथे ९ महिन्यांखालच्या मुलांचे प्रमाण एकूण रुग्णांत १० टक्क्यांहून अधिक आहे, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा. हा निर्णय शास्त्राला धरून होता. जादा डोसमुळे आधी लस मिळालेल्या मुलाला अपाय होत नाही, आणि ‘कार्ड दाखवा’ हा अडथळा दूर होतो. कार्ड हरवले असेल आणि आईला नक्की आठवत नसेल, तर डोस झालेला नाही असे धरून द्यायचा.

अंमलबजावणीत काही ठरलेल्या जागी घसरण होते.

पहिली, नोंदीतली. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला दिलेला डोस ‘शून्य डोस’ म्हणून लिहायचा असतो. तो पहिल्या डोसच्या रकान्यात गेला की नऊ महिन्यांनंतरचा खरा पहिला डोस चुकतो, सोळाव्या महिन्याचा डोस ‘दुसरा’ म्हणून लागतो, आणि कागदावर पूर्ण लसवंत असलेले बाळ प्रत्यक्षात एका पक्क्या डोसवर राहते. जादा डोस आणि वेळापत्रकातला डोस यांत चार आठवड्यांचे अंतर पाळायचे, हेही कार्डावर तारीख घालूनच आईला सांगावे लागते.

दुसरी जागा म्हणजे कुपी, आणि इथे जरा थांबायला हवे. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. तिच्याच उत्पादकाचे द्रावक घालून ती मिसळायची. द्रावकही २ ते ८ अंश सेल्सिअसला थंड केलेले हवे. कोमट द्रावकाने लसीतला जिवंत विषाणू तिथेच मरतो. मिसळल्यावर चार तास. त्यानंतर उरलेले फेकायचे, कारण हिला उघड्या कुपीचे धोरण लागू नाही. पेंटाव्हॅलंटची उघडी कुपी नियम पाळून २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्राला वापरता येते, हिची नाही. चार तासांनंतरच्या कुपीत जंतू वाढून मूल दगावू शकते, तेव्हा यात सूट नाही. मिसळलेल्या कुपीवर वेळ लिहिलेली नसेल तर तिला हात लावू नये.

याच नियमाच्या भीतीतून दुसरे नुकसान होते. पाच डोसांची कुपी आहे, सत्राला एकच मूल आले आहे. चार डोस वाया जाणार, वापराचा अहवाल खराब दिसणार. परिचारिका म्हणते, ‘ताई, पुढच्या सत्राला या, आज मुले कमी आहेत.’ धोरण स्पष्ट आहे की एका मुलासाठीही कुपी उघडायची. पण महामारीनंतर सत्रे छोटी झाली, आणि हे ‘पुढच्या सत्राला या’ वाढले. मजुरी बुडवून आलेली आई पुन्हा येतेच असे नाही. वाया गेलेले डोस मोजायला रकाना आहे. परत पाठवलेले मूल मोजायला नाही.

तिसरी, घरभेटीतली. उद्रेकात घरोघर डोकी मोजताना ‘कोणाला लस राहिली आहे का?’ असे विचारले तर बहुतेक घरांतून ‘नाही’ येते. प्रश्न असा हवा : घरात पाच वर्षांखालची मुले किती? त्यांची जन्मतारीख, कार्ड. कार्ड नसेल तर डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहायचा; त्यावरून मूल कधीतरी यंत्रणेच्या हाती लागले होते का, एवढे कळते. बंद घराला खूण करून संध्याकाळी परत जायचे. कामाला गेलेल्या आईबापांची मुले दुपारच्या फेरीत कधीच सापडत नाहीत, आणि राहिलेली मुले नेमकी त्यांचीच असतात.

नकार होते, नाही असे नाही. कोविडच्या लसीबद्दलच्या अफवा मुलांच्या लसीला चिकटल्या. ‘हीच ती सुई का?’ असे विचारले जाई. पण नकार आणि राहून जाणे यांना एकाच शब्दात गुंडाळणे घातक आहे. सगळ्याला ‘लोकांचा विरोध’ म्हटले की उपाय म्हणून भाषणे आणि धर्मगुरूंची आवाहने निघतात. ज्या आईचा विरोध नव्हताच, तिला संध्याकाळी सहाचे सत्र हवे होते.

आजारी मुलासाठीचा भाग तुलनेने सरळ आहे. पुरळाच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस ते संसर्ग पसरवते, तेवढे वेगळे ठेवायचे. अ जीवनसत्त्व लागोपाठ दोन दिवस : सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिने १ लाख, वर्षावरील मुलाला २ लाख, डोळ्यांत कमतरतेची लक्षणे असतील तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा डोस. संपर्कातल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. अडचण अशी की पुरळ दिसेपर्यंत संसर्गाचे चार दिवस उलटलेले असतात, त्यामुळे घरातल्या भावंडांसाठी ही मुदत बहुधा संपलेलीच असते.

काय भरून निघते, काय नाही

थकलेले सगळे डोस सारखे नसतात. वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून कधीच सुरू करायचे नाही; जिथे थांबले तिथून पुढे, दोन डोसांत चार आठवड्यांचे अंतर ठेवून. पण राष्ट्रीय कार्यक्रमात वयाच्या मर्यादा आहेत. बीसीजी एक वर्षापर्यंत. रोटाव्हायरसचा आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस एक वर्षाच्या आत. पहिला झाला असेल तर उरलेले नंतर पूर्ण करता येतात. वर्ष उलटलेल्या, काहीच न मिळालेल्या मुलाला पेंटाव्हॅलंटऐवजी डीपीटी द्यायचे, सात वर्षांपर्यंत. म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचे कवच मिळते, हिब (बाळांत न्यूमोनिया व मेंदूज्वर करणारा जंतू) आणि हिपॅटायटिस-बीचे या मार्गाने मिळत नाही. घरी जन्मलेल्या बाळाचा हिपॅटायटिस-बीचा २४ तासांतला डोस तर दुसऱ्या दिवशी कायमचा गेला. म्हणून सत्रे पुन्हा सुरू करताना ‘सगळ्यांना बोलवा’ असे म्हणण्यापेक्षा आधी अकरा महिन्यांच्या आसपासची बाळे शोधणे शहाणपणाचे. त्यांच्या हातात उरलेले दिवस सर्वांत कमी असतात.

गोवर-रुबेलाची मर्यादा पाच वर्षे. ऑगस्ट २०२३मध्ये विशेष मिशन इंद्रधनुष ५.० सुरू झाले, त्यात पाच वर्षांपर्यंतची मुले आणि गोवर-रुबेला यांवर मुद्दाम भर होता, नोंदीसाठी यू-विन हे डिजिटल पोर्टल होते. वर ज्याचे कार्ड पाहिले ते जुलै २०१९चे मूल तेव्हा चार वर्षे एक महिन्याचे असते. त्या फेरीत ते सापडले नाही, तर जुलै २०२४मध्ये वयाने यादीबाहेर जाते. यानंतर वेळापत्रकात उरते पाच ते सहा वर्षांचे डीपीटीचे दुसरे बूस्टर. ते घ्यायला आलेल्या मुलाचे कार्ड मागच्या पानापर्यंत उलटून पाहिले, तर एप्रिल २०२०ची पेन्सिलीने लिहिलेली तारीख अजून तिथे असते.